'क्रिमिनल इंटेंट'चा 'अँटी-थिसिस' हा भाग : विद्यापीठातली चुरस, वर्णद्वेष आणि तपासाची दिशा (रहस्यभेद आहे)

दुर्बीण

'लॉ अँड ऑर्डर : क्रिमिनल इंटेंट' या अमेरिकन पोलिसी मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधल्या तिसऱ्या भागाबद्दल सविस्तर बोलायला हा धागा. भागाचं नाव 'अँटी-थिसिस', एनबीसीवर १३ ऑक्टोबर २००२ ला लागला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहावा, कारण पुढे सगळं उघड लिहिलं आहे.

न्यूयॉर्कमधलं हडसन विद्यापीठ (काल्पनिक, याच मालिका-कुटुंबात ते वारंवार येतं). विद्यापीठाच्या प्रमुखाचा खून होतो. त्याचं एका नामवंत आणि वादग्रस्त कृष्णवर्णीय प्राध्यापकाशी जाहीर भांडण चाललेलं असतं, त्यामुळे संशय आधी तिकडेच जातो. गोरेन आणि ईम्स हे दोघे पोलिस डिटेक्टिव्ह तपास करत करत पोचतात एलिझाबेथ हिचेन्स नावाच्या पाहुण्या साहित्य-प्राध्यापिकेपर्यंत. ही बाई म्हणजे नाव बदलून वावरणारी, थायलंडमधल्या खुनांचा इतिहास असलेली ऑस्ट्रेलियन निकोल वॉलेस. ऑलिव्हिया दाबोने केलेली ही भूमिका इथे पहिल्यांदा दिसते आणि पुढे २००८ पर्यंत ती परत परत येते.

प्राध्यापक आणि प्रमुख यांच्यातलं भांडण कुठून आलं हे त्या वर्षी अमेरिकेत वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळलं असणार. लॉरेन्स समर्स जुलै २००१ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांची आणि कृष्णवर्णीय विचारवंत कॉर्नेल वेस्ट यांची भेट झाली. वेस्ट तेव्हा 'युनिव्हर्सिटी प्रोफेसर' होते, म्हणजे हार्वर्डमधल्या प्राध्यापकाला मिळणारा सर्वांत वरचा दर्जा. वेस्ट यांनी नंतर जाहीरपणे सांगितल्याप्रमाणे समर्स यांनी त्यांना ध्वनिमुद्रिका काढण्यावरून, राजकीय प्रचारात वेळ घालवण्यावरून आणि विद्यार्थ्यांना सढळ हाताने गुण देण्यावरून सुनावलं. जानेवारी २००२ मध्ये वेस्ट यांच्याच विभागातले अँथनी अ‍ॅपिया प्रिन्स्टनला जाणार हे जाहीर झालं, एप्रिलमध्ये वेस्ट यांनीही प्रिन्स्टनला जाण्याचं जाहीर केलं. सहा महिन्यांनी हा भाग पडद्यावर होता.

माझं म्हणणं असं, की भागाने हे भांडण उचललं, अर्धा भाग त्यावर चालवला आणि निकोल आल्यावर ते वाऱ्यावर सोडून दिलं. 'तुमचं काम विद्वत्तेचं नाही' असं त्या प्राध्यापकाला सांगण्याचा अधिकार कुणाला, कोणत्या मोजपट्टीने, हा खरा प्रश्न होता. त्याचं उत्तर राहू दे, तो प्रश्न शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणाच्या तोंडीही येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

वेताळटेकडी

धागा उत्तम. पण दुर्बीण, या मुद्द्यावर असहमत, आणि त्याचं कारण मालिकेच्या बांधणीत आहे.

मूळ 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये पहिला अर्धा भाग पोलिसांचा, दुसरा कोर्टाचा. तिथे सामाजिक प्रश्न कोर्टात वकिलांच्या तोंडून दोन्ही बाजूंनी मांडता येतो. 'क्रिमिनल इंटेंट'मध्ये कोर्ट जवळजवळ नाहीच. तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण ४२ ते ४४ मिनिटं हातात राहतात. पहिली दोनतीन मिनिटं पोलिस दिसत नाहीत. ज्याचा खून व्हायचा आहे तो, आणि त्याच्याशी कुठे ना कुठे खटके उडालेली माणसं, असे तुटक तुटक प्रसंग दाखवतात. मग तपास, आणि शेवटी सहा-सात मिनिटांची एकच लांब चौकशी, जिच्यात गोरेन समोरच्याचं मन उलगडत जातो. लेखकमंडळी या प्रसंगाला 'आरिया' म्हणत, ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्यावरून. भागाचं सगळं वजन तिथे असतं. त्यामुळे आरिया ज्या पात्राला मिळते, भाग त्याचाच होतो. इथे ती निकोलला मिळाली.

आता चकव्याबद्दल. संशयित म्हणून आधी पुढे केलेलं पात्र ही रहस्यकथेची जुनी युक्ती आहे, पण ते पात्र अल्पसंख्य समाजातलं असेल तर तिचे नियम कडक होतात. त्याचा राग खरा आणि रास्त असला पाहिजे. तो सुटला पाहिजे तो पोलिसांनी केलेल्या एखाद्या तपासणीमुळे, आणि ती तपासणी प्रेक्षकाला दिसली पाहिजे. फोनवरून 'त्याचं त्या वेळचं ठिकाण पटलं' असं एका वाक्यात उरकलं तर प्रेक्षकाच्या मनात शंकेचा डाग तसाच राहतो. हे सगळं वीस-बाविसाव्या मिनिटाच्या आत व्हायला हवं, आणि तोवर खरा गुन्हेगार दुसऱ्याच कामासाठी दोनदा तरी पडद्यावर येऊन गेलेला असायला हवा. नाहीतर शेवटी तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. या कसोट्यांवर 'अँटी-थिसिस' बराच उतरतो. हिचेन्स बाई आधीपासून आसपास आहेत, मदतीच्या पवित्र्यात आहेत, आणि सगळ्यांचं लक्ष भांडणाकडे असल्यामुळेच त्यांच्याकडे कुणी नीट बघत नाही. पूर्वग्रहाचा फायदा तिसऱ्याच माणसाला होतो, हे भाग दाखवतो. मला तरी ते वाऱ्यावर सोडणं वाटत नाही.

कुसुंबी

दोघांचंही थोडं थोडं पटतं. अमेरिकन विद्यापीठातली नेमणुकीची यंत्रणा कशी चालते ते सांगते, म्हणजे खुनासाठी लेखकांनी विद्यापीठाचा प्रमुखच का निवडला असावा ते लक्षात येईल.

असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागल्यावर साधारण सहाव्या वर्षी कायम करण्याची, म्हणजे टेन्युअरची, फाइल तयार होते. अमेरिकन प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनाप्रमाणे उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त असू नये. बहुतेक विद्यापीठं ते पाळतात. फाइलमध्ये प्रकाशनं, अध्यापनाचे अभिप्राय, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांची गोपनीय पत्रं. ती विभाग मागवतो, उमेदवाराला दिसत नाहीत. मग विभागाचं मतदान, डीन, विद्यापीठाची समिती, प्रोव्होस्ट (शैक्षणिक कारभाराचा प्रमुख), अध्यक्ष, विश्वस्त. एकाही पायरीवर 'नाही' आलं की एक शेवटचं वर्ष मिळतं आणि मग बाहेर. हार्वर्डमध्ये तर प्रत्येक कायम नेमणुकीसाठी बाहेरचे तज्ज्ञ बोलावून खास समिती बसवायची पद्धत होती, आणि तिच्या बैठकीला अध्यक्ष स्वतः असत. म्हणजे विभागाने एकमुखाने होकार दिला तरी एका माणसाच्या मताने सगळं फिरू शकतं.

घोळ कुठे होतो? पत्र कुणाकडून मागवायचं तिथे. कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर किंवा संगीतावर काम करणाऱ्याचं मूल्यमापन त्या विषयात पानभरही न लिहिलेल्या माणसाकडून मागवलं, की पत्र येतं : 'काम चांगलं, पण मुख्य प्रवाहातलं नाही.' त्यात वंशाचा उल्लेख नसतो, शिवी नसते. पुढच्या समितीत तेवढं एक वाक्य अधोरेखित होतं. पूर्वग्रह बहुतेक वेळा असाच चालतो आणि पोलिसी नाटकात पकडायला तो फार अवघड, कारण दाखवायला काही नसतं.

दुसरं, 'व्हिजिटिंग' हा दर्जा. कायम जागेसाठी वर सांगितलेली सगळी चाळणी लागते. एक-दोन सत्रांसाठी आलेल्या पाहुण्या प्राध्यापकाची नेमणूक मात्र विभाग पातळीवर, ओळखीवर आणि दोन-तीन शिफारसपत्रांवर होऊन जाते. खोट्या ओळखीने शिरायला हाच दरवाजा. लेखकांनी निकोलला कायम प्राध्यापिका केलं नाही, पाहुणी केलं, हे बारकाईने केलेलं काम आहे.

सावळाराम

+१. पदवी पडताळायची पद्धत सोपी असते, फक्त कुणी ती करत नाही. ज्या विद्यापीठाची पदवी आहे तिथल्या कुलसचिव कार्यालयाला थेट विचारायचं, आणि त्यांचा नंबर किंवा पत्ता स्वतंत्रपणे शोधायचा. उमेदवाराने दिलेल्या लेटरहेडवरचा कधीच वापरायचा नाही. शिफारसपत्र देणाऱ्यालाही तसाच परस्पर फोन. शिवाय दुसऱ्या खऱ्या माणसाची ओळख उचलली असेल तर पदवी खरीच निघते! तेव्हा जुना फोटो किंवा त्या व्यक्तीबरोबर शिकलेला कुणीतरी माणूस, यापलीकडे इलाज नाही. परदेशातून आलेल्या उमेदवाराच्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

बिनखांबी

दुर्बीण यांनी विचारलेला प्रश्न (मोजपट्टी कुणाची?) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात खरोखर गेला होता, आणि या विषयावर गुन्हेकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो खटला वाचावा असं मला कळकळीने वाटतं : युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया विरुद्ध ईईओसी, निकाल ९ जानेवारी १९९०.

रोझली टुंग या त्या विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये, म्हणजे व्यवस्थापन विद्यालयात, असोसिएट प्रोफेसर होत्या. १९८५ मध्ये त्यांना टेन्युअर नाकारलं गेलं. वंश, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव झाला अशी तक्रार त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे केली. विभागातल्या बहुसंख्य सहकाऱ्यांनी आपली शिफारस केली होती, पण वरच्या समितीने नकार दिला आणि कारण देताना चीनविषयक संशोधनात व्हार्टनला रस नाही असं सांगितलं गेलं, असं त्यांच्या तक्रारीत आहे. कुसुंबी म्हणतात ते 'मुख्य प्रवाहातलं नाही' हेच.

आयोगाने त्यांची आणि त्याच सुमारास टेन्युअर मिळालेल्या पाच पुरुष प्राध्यापकांची फाइल मागितली. तुलनेशिवाय भेदभाव सिद्ध होत नाही, म्हणून पाच जास्तीच्या फाइली. विद्यापीठ म्हणालं, गोपनीय पत्रं उघड झाली तर पुढे कुणी मोकळेपणाने लिहिणार नाही. न्यायालयाने एकमताने ते फेटाळलं, निकालपत्र न्या. ब्लॅकमन यांचं. मुळात १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या रोजगारविषयक तरतुदी शैक्षणिक संस्थांमधल्या अध्यापकांना १९७२ च्या दुरुस्तीपर्यंत लागूच नव्हत्या. तेव्हा २००२ मधल्या भागात गोरेनला नेमणुकीच्या फाइली हव्या असतील तर त्या मिळण्याचा रस्ता अगदी कायदेशीर होता. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकांसाठी मात्र १९७४ च्या गोपनीयता कायद्यामुळे संमती, समन्स किंवा कोर्टाचा आदेश लागतो. गुप्तहेर डीनच्या टेबलावरून गुणांची यादी उचलून वाचतो असं कित्येक मालिकांत दाखवतात, ते चूक.

वेताळटेकडी

बिनखांबी, सुंदर प्रतिसाद. आणखी एक तांत्रिक बाब. हार्वर्डला स्वतःचं पोलिस दल आहे. कोलंबियासारख्या न्यूयॉर्कमधल्या खासगी विद्यापीठात सार्वजनिक सुरक्षा विभाग असतो, पण ते पोलिस नव्हेत. त्यामुळे खून झाला की तपास शहर पोलिसांचा. भागात मेजर केस स्क्वॉड (गोरेन-ईम्सचं शहर पोलिसांतलं पथक) थेट आवारात शिरतं ते या दृष्टीने बरोबर. हीच कथा हार्वर्डच्या गावात, केंब्रिजमध्ये घडवली असती तर अर्धी मिनिटं दोन दलांच्या हद्दीवर गेली असती.

आणि सरकारी वकील कार्व्हरकडे जरूर लक्ष द्या. कोर्टनी बी. व्हान्सने केलेलं हे पात्र कृष्णवर्णीय आहे. पहिल्या पाच सीझनमध्ये तो आहे आणि त्याचं काम एकच, गोरेनच्या अंदाजाला 'हे ज्युरीपुढे टिकेल का?' असं विचारणं. एका कृष्णवर्णीय प्राध्यापकावर सगळी प्रसारमाध्यमं बोट दाखवत असताना 'पुरावा आणा' म्हणणारा माणूसही कृष्णवर्णीय आहे. त्यावर कुणी भाषण करत नाही, आणि ते बरं केलं.

दुर्बीण

कार्व्हरचा मुद्दा मान्य. पण मूळ तक्रार कायम आहे. गोरेन चामडी फोल्डर छातीशी धरून, मान वाकडी करत, समोरच्याच्या नजरेच्या रेषेत खालून शिरतो, ती व्हिन्सेंट डी'ओनोफ्रिओची लकब आठवा. ज्याच्याकडे तो असा वाकून बघतो त्याचंच आयुष्य मग आपल्याला कळतं. निकोलचं बालपण, तिचा बाप, तिची भूक. त्या प्राध्यापकाचं आपल्याला कळतं ते फक्त त्याचं भांडण. आतून उलगडलं जाण्याचा मान गोऱ्या खुनी बाईला मिळतो आणि निर्दोष माणूस बातमीतल्या मथळ्याएवढाच राहतो. एक चौकशी कमी करून त्याला त्याच्या विषयावर वर्गात बोलताना तीन मिनिटं दाखवलं असतं तरी मोजपट्टीचा प्रश्न आपोआप उभा राहिला असता.

कुसुंबी

हे मात्र शंभर टक्के पटलं. आणि वाद जुना झालेला नाही. वेस्ट पुढे हार्वर्डला परतले, पण कायम नसलेल्या जागेवर. २०२१ मध्ये टेन्युअरच्या मुद्द्यावरूनच पुन्हा बाहेर पडले आणि न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांचं टेन्युअर आधी अडकवलं आणि ३० जूनला ९ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केलं. त्यांनी ते नाकारलं आणि हॉवर्ड (हार्वर्ड नव्हे) विद्यापीठ निवडलं. त्या जागेवर आधी आलेल्यांना टेन्युअर मिळालेलं होतं, म्हणजे इथेही तुलना करायला जुन्या फाइली होत्याच.

इंग्लंडचं एक उदाहरण : 'इन्स्पेक्टर मोर्स' या मालिकेतला १९८८ मधला 'द सेटलिंग ऑफ द सन' हा भाग. ऑक्सफर्डमधला उन्हाळी अभ्यासवर्ग, जपानी विद्यार्थ्याचा खून, आणि मुळाशी महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या आठवणी. तिथे पूर्वग्रहाला इतिहास दिला आहे, तो नुसता पार्श्वभूमीला टांगलेला नाही. फक्त ज्याचा खून झाला तो तरुण तिथेही फारसा उलगडत नाही.

पाटीपेन्सिल

धागा वाचनखूण म्हणून साठवला. मराठीत असा तासाभराचा एक भाग लिहायचं चाललं आहे, महाराष्ट्रातल्या एका काल्पनिक विद्यापीठात. वंशाच्या जागी अर्थातच जात येईल. जाणकारांनी सांगावं, तपशिलात कुठे चुकण्याचा धोका आहे?

सातबारा

कायद्याच्या बाजूने दोन-तीन ठळक गोष्टी.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लावायचा प्रसंग असेल तर तपास अधिकारी पोलिस उपअधीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही. आयुक्तालय असलेल्या शहरात सहायक पोलिस आयुक्त. म्हणजे तुमचा नायक निरीक्षक असेल तर त्या कलमांचा तपास त्याच्या हातात राहणार नाही. ही अडचण समजू नका, चांगला नाट्यमय ताण आहे. आरोपीला अटकपूर्व जामिनासाठी कलम १८ ची आडकाठी असते, त्यामुळे 'साहेब जामीन घेऊन आले' हा नेहमीचा प्रसंग सरसकट टाकू नका.

अपमान केल्याच्या कलमांना 'लोकांच्या नजरेत येईल अशी जागा' ही अट आहे. बंद केबिनमध्ये, बाहेरचं कुणीही नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात ते स्पष्ट केलं. म्हणून मार्गदर्शकाच्या केबिनमधला प्रसंग लिहिताना दार उघडं होतं का, व्हरांड्यात कोण उभं होतं, हे आधी ठरवा. सगळी केस त्यावर उभी राहील किंवा पडेल. तेच बोलणं खुल्या मौखिक परीक्षेत झालं तर सभागृह भरलेलं असतं, साक्षीदार आपोआप मिळतात.

कुसुंबी

चुरस कशावरून, हेही नेमकं ठेवा. यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. जागा मोजक्या, पेट (पीएचडीची प्रवेशपरीक्षा) होऊन रांगेत असलेले बरेच. कुणाला कोण घेतं इथूनच राजकारण सुरू होतं. दुसरी जागा म्हणजे बिंदुनामावली : कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे तिच्यावरून ठरतं, आणि निवड समितीचा 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा. पुन्हा तेच, शिवी नाही, एक ओळ. आणि अमेरिकन पाहुण्या प्राध्यापकाच्या जागी आपल्याकडे तासिका तत्त्वावरचा सीएचबी प्राध्यापक ठेवा. तो सगळीकडे असतो, सगळं ऐकतो, आणि कुठल्याही समितीत नसतो.

खिळेजुळारी

वाङ्मयचौर्याचा धागा घेणार असाल तर मराठी प्रबंधाची एक खास गोष्ट वापरा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्याच्या पायऱ्या आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांत परत द्यायचा, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. पण साम्य मोजणाऱ्या प्रणालीला मजकूर वाचता आला तर! जुने प्रबंध श्रीलिपीसारख्या युनिकोड-पूर्व फाँटमध्ये आहेत. त्यांची पीडीएफ प्रणालीत टाकली तर तिला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गाळ दिसतो, तो कशाशीच जुळत नाही आणि आकडा शून्याजवळ येतो. म्हणजे अहवाल स्वच्छ, प्रबंध पूर्ण उचललेला.

चोर पकडायचा कसा? जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ठरावीक चुका होतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये साठवण्याचा क्रम उलटा. परिवर्तकाने क्रम नीट फिरवला नाही की 'वर्ग'चं 'वगर्' होतं, 'स्थिती'चं 'िस्थती'. माणूस शेकडो पानं हाताने दुरुस्त करतो आणि पाच-सात जागा सुटतात. नव्या प्रबंधात अशा जागा सापडल्या तर तो मजकूर थेट टंकलेला नाही, जुन्या फाँटमधून उचललेला आहे, हे कळतं. मग त्याच वाक्यातला मूळ प्रबंधातला चुकीचा सनही जसाच्या तसा उतरलेला दाखवा. चुका जुळणं हा मजकूर जुळण्यापेक्षा भक्कम पुरावा, कारण बरोबर गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. जुन्या हस्तलिखितांची कुळं लावतानाही हाच नियम वापरतात.

प्रसंगात पडद्यावर दोन छापील पानं शेजारी ठेवा आणि कॅमेरा त्या एका 'वगर्'वर न्या. संवाद लागणार नाही.

पाटीपेन्सिल

खूप आभार सगळ्यांचे. मग क्रम असा धरते : प्रबंधावरचा वाद आधी, संशय दलित संशोधकावर, साधारण अठराव्या मिनिटाला दोन पानांची तुलना, आणि त्याच प्रसंगात तो सुटतो.

दुर्बीण

क्रम ठीक आहे, फक्त ती तुलना पोलिसांना करू देऊ नका. ती त्या संशोधकालाच करू द्या. प्रबंध त्याच्या विषयातला आहे, चूक कोणती हे त्यालाच सगळ्यांत आधी दिसेल. आणि ती दाखवताना तो रागावलेलाच राहू द्या.